लाजरीची पानं

१४ मे

सूनबाई,

तुझं सरकारी पत्र पोचलं. वर ‘प्रति, माजी कलम-कारागीर, फळसंग्रह बाग’, मधे ‘महोदया’, आणि खाली तुझी सही. अगं, सात वर्षं माझ्या घरात राहिलीस, माझ्या हातचं जेवलीस, माझ्या चपला घालून दुकानात गेलीस, आणि आता मी महोदया? आधी राग आला, मग हसू आलं. मग चष्मा पुसून सही परत पाहिली. शेवटचा फराटा अजून तसाच वर उडवतेस.

मी तुला सूनबाईच म्हणणार. कोर्टाने जे ठरवलं ते तुम्हा दोघांचं ठरवलं. मला कुणी विचारायला आलं नव्हतं.

पत्रातून मला कळलं ते असं, चुकलं तर सांग. बागेत जुनी झाडं दाटली आहेत, नव्यांना जागा नाही. म्हणून प्रत्येक झाडाची पानं तुझ्या प्रयोगशाळेत यायची. त्यातला डीएनए काढून ठरलेल्या बारा ठिकाणच्या खुणा बघायच्या. ज्या झाडांच्या बाराही खुणा जुळतील ती सगळी एकच जात, पाटीवर नाव काही का असेना. त्यातली चांगली दोन ठेवायची, बाकीची हिवाळ्यात तोडायची. आणि ज्याच्या खुणा कुणाशीच जुळणार नाहीत त्या झाडाला हात लावायचा नाही. बरोबर ना? मग हे एवढं साधं सांगायला तुला तीन पानं कशाला लागली?

इथले नवे साहेब म्हणाले, “बाई, आमच्या माळ्याला नासपतीचं पान कुठलं आणि सफरचंदाचं कुठलं ते कळत नाही. तुम्हीच काढून द्या.” काढली. भिंतीकडच्या रांगेतली सगळी पानं आज पाठवते आहे. कोवळी, न किडलेली, प्रत्येक झाडाचं वेगळं पाकीट, आत तू पाठवलेले ओल शोषणारे मणी, वर क्रमांक. शेवटचं पाकीट लाजरीचं.

लाजरीचं तुला ठाऊक आहे, पण तरी सांगते, कारण मला सांगायला आवडतं. लग्न झालं त्या वर्षी तुझे सासरे डोंगरावर गेले होते. तिथे पाणचक्कीच्या मागे एक म्हातारं नासपतीचं झाड होतं म्हणे. त्याच्या कलमकाड्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी आणल्या आणि भिंतीजवळच्या जंगली रोपाच्या खुंटावर बांधल्या. पुढच्याच पावसात दरड कोसळून ते डोंगरावरचं झाड गेलं. इथल्या कलमाला फळ धरलं तेव्हा उन्हाकडच्या गालावर लाली आली. “ही तुझ्यासारखी,” म्हणाले, आणि नाव ठेवलं लाजरी. सगळी बाग खो खो हसली. मी आणि लाजरी! मुकादमाला भर बागेत झापणारी बाई मी. पण पाटीवर चढलं ते चढलंच. दुनियेत दुसरीकडे कुठे नाही अशी नासपती, आणि तिचं नाव माझ्यावरून. दुसऱ्या बायकांना नवऱ्याने काय काय दिलं असेल, मला हे झाड दिलं.

तेव्हा ते राहायला हवं. मी वशिला लावत नाहीये हं. तुझं काम तू चोख करणार, ते मला माहीत आहे. नुसतं कानावर घातलं.

माझी तब्येत ठणठणीत. अक्षर तिरकं आलंय ते पलंगावर पडून लिहिते आहे म्हणून. आळस, दुसरं काय!

तुझी सासू
(‘माजी’ लिहिणार नाही.)


११ जून

सूनबाई,

उत्तर आलं, आणि त्यात ‘आई’ लिहिलंस. बरं वाटलं. खरं सांगू, बरं वाटलं हा फारच कंजूष शब्द झाला. पत्र उशाशी घेऊन दुपारची झोपले.

पण बाकीचं पत्र म्हणजे नुसती उलटतपासणी! तो माळी मेला फोनवर सगळं बरळला वाटतं. हो, माझ्याकडे काठी आहे. हो, शिडीवरून पडले. पडले कसली, जरा घाईने उतरले. खालून दुसरीच पायरी होती. कंबर थोडी धरली आहे आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, “आजी, आता शिडी बंद.” मी म्हटलं, “तुमचा तो गळ्यातला पाइप बंद करा म्हटलं तर चालेल का?” चांगली आहे पोरगी, हात हलका आहे तिचा.

तू लिहिलंस की माझ्याकडे कोण बघतं. मी बघते. आरशात रोज बघते. चिरंजीव आठवड्याला फोन करतात, ‘जेवलीस का’ विचारतात, मी ‘जेवले’ म्हणते, संपलं. तू त्याच्याबद्दल विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगत नाही. तुमचं फाटलं त्यात मी कुणाची बाजू घेतली नाही असं लोकांना सांगते. तुझी घेतली होती. तुला तेव्हा सांगायला हवं होतं, पण तू सामान बांधत होतीस आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर ‘स्वेटर राहिला बघ’.

इतकी वर्षं पत्र का नाही टाकलं, म्हणून विचारतेस. मला वाटलं, तुला या घरातलं काहीच नको असेल. तुला वाटलं असेल, सासूला काय देणंघेणं. दोघी शहाण्या!

आता खुणांचं लवकर बघ. जिवाला घोर लागलाय.

तुझी सासू


२० जुलै

सूनबाई! अगं सूनबाई!

तुझं पत्र सकाळी आलं. ‘आई, लाजरी कुणाशीच जुळत नाही. आमच्याकडे नोंदलेल्या एकाही नासपतीशी नाही. झाड राहणार.’ हे मी उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. जीव भांड्यात पडला.

मग काठी घेऊन निघाले. साहेबांना वाचून दाखवलं. माळ्याला वाचून दाखवलं, त्याला काही कळलं नाही, म्हणून पुन्हा वाचून दाखवलं. शेजारणीला दाखवलं. परत येऊन ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि म्हटलं, “घ्या, आता विज्ञानाने पण मान्य केलं.” फोटोत नेहमीसारखेच हसत होते.

त्या पत्रातलं एक वाक्य मी सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं. ‘असा वेगळा निकाल आला की आम्ही पान कुठून काढलं ते खोदून विचारतो. पण पानं तुम्ही काढली आहेत, म्हणजे प्रश्नच नाही.’ ऐकलं का, मी माळ्याला म्हटलं, प्रश्नच नाही म्हणते माझी सून.

महिनाअखेरीच्या बैठकीत तूच यादी मांडणार आहेस हे वाचून कॉलर ताठ झाली. मोठमोठ्या लोकांसमोर बोलायचं म्हणजे नीट जेवून जा. घाबरलीस की तुला जेवण जात नाही.

दुपारी लाजरीकडे जाऊन बसणार आहे. स्टूल माळी नेऊन ठेवेल. झाडाला सांगायला नको?

तुझी,
फुशारलेली सासू


२३ जुलै

सूनबाई,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. आता हे असंच जाऊ दे.

त्या दुपारी लाजरीखाली जाऊन बसले. हात रिकामे राहत नाहीत माझे, म्हणून बसल्या बसल्या बुंध्याजवळचं गवत उपटायला लागले. तिथे माती बरीच चढली आहे. ती उकरली आणि कलमाचा सांधा दिसला. तोच जाड वळ, जिथे खालचा जंगली खुंट संपतो आणि वरची लाजरी सुरू होते. बुंध्याशी फुटलेल्या ज्या कोवळ्या फुटीची पानं मी तुला पाठवली ती त्या सांध्याच्या खालून आली आहे.

ती लाजरी नव्हेच गं. तो खुंट आहे. कुठल्या तरी जंगली बीपासून उगवलेला, ना नाव ना गाव. तो कुणाशी जुळणार? म्हणून तुझ्या बारा खुणांत कुठे बसला नाही.

झालं असं. शिडीवरून पडले ती लाजरीच्या अलीकडच्या झाडाची पानं काढताना. एकच झाड राहिलं होतं आणि पाकिटं दुसऱ्या दिवशी जायची होती. माळ्याला चढवायचं, तर त्याच्यासमोर ‘मला जमत नाही’ म्हणावं लागलं असतं. काठी टेकत टेकत गेले. हात वर जाईना. बुंध्याशी गवतात एक फूट होती, कोवळी, छान. तिचीच पानं काढली. पान बारीक होतं. लाजरीचं पान असं बारीक नसतं, हे माझ्या डोळ्यांना दिसलं होतं. कोवळं आहे म्हणून बारीक, अशी मीच माझी समजूत घातली. आयुष्यभर नव्या पोरींना बोटावर मारून शिकवलं, खुंटाची फूट आधी खुडायची, ती आपली नव्हे. आणि मीच तिची पानं पाकिटात भरून वर लाजरी म्हणून लिहिलं.

काल आणि परवा गप्प बसायचं ठरवलं होतं. कुणाला कळणार आहे? झाड वाचलं, तू खूश, मी खूश, माळी पण खूश. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पानं तुम्ही काढली आहेत, म्हणजे प्रश्नच नाही. उद्या कुणी हुशार माणूस येईल, वरची फांदी तोडून तपासेल, आणि यादीखाली सही तुझी असेल. ‘बाईंना एवढं पण जमलं नाही’, असं तुझ्याबद्दल म्हणतील. माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणू देत, माझं आता काय जाणार आहे? पण तुला बोललेलं मला चालायचं नाही.

माळ्याला आज शिडीवर चढवलं. सांगावं लागलं त्याला, की मला जमत नाही. तो काही हसला नाही. उन्हाकडच्या वरच्या फांदीची पानं आहेत ही, मी खाली उभी राहून फांदी दाखवली आणि पानं हातात घेऊन पाहिली. मोठी, जाड, लाजरीचीच. पाकीट जोडते आहे. ते आधीचं नाव यादीतून काढून टाक. बैठकीत बोलणी खावी लागली तर सरळ सांग, माझ्या सासूने घोटाळा केला.

रागावलीस तर रागाव. पण लिही. मधल्या वर्षांसारखं गप्प बसू नकोस.

तुझी सासू


२ सप्टेंबर

सूनबाई,

बोलणी खाल्लीस आणि माझं नाव घेतलं नाहीस. ‘नमुना काढण्यात चूक झाली, पुन्हा तपासत आहोत’ एवढंच सांगितलंस म्हणे. वाचून मला रडू आलं. मी रडत नाही, तुला माहीत आहे. या वेळी रडले.

आता लाजरीचं. पत्रात तू किती पानं प्रस्तावना केलीस गं! मी मागूनच वाचायला सुरुवात केली. बाराच्या बारा खुणा जुळल्या. आणि कुणाशी, तर मोठ्या हिरवीशी.

मोठी हिरवी! जी हरएक हातगाडीवर असते ती! जिच्या पेट्यांवर पेट्या बाजारात उतरतात, जी पाणचट म्हणून मी कधी तोंडात घातली नाही, जी कुणी आणून दिली तर शेजारणीच्या पोरांना वाटून टाकली, ती! या देशात तिच्याइतकी झाडं दुसऱ्या कुठल्या नासपतीची नसतील.

पहिला तासभर मी ह्यांच्या फोटोशी भांडले. मेलेल्या माणसाशी भांडायची सोय नाही, ते उत्तरच देत नाहीत. पाणचक्की म्हणे! दरड म्हणे! कुठल्या तरी बागेच्या कुंपणातून काड्या तोडल्या असतील आणि नव्या नवरीला थाप मारली असेल. आणि ही नवरी आयुष्यभर नाक वर करून फिरली.

तू त्यांची बाजू घेतली आहेस. पाणचक्कीमागे खरंच झाड असेल, कुणी तरी आधीच मोठी हिरवी तिथे लावली असेल, सासऱ्यांना ते माहीतही नसेल. लाली येते ती भिंतीच्या उन्हाने, आणि गोडी येते ती फळ झाडावर भरू देतो म्हणून, बाजारातलं फळ कच्चंच तोडतात आणि थंडीत ठेवतात. पटलं मला. तू समजावून सांगतेस तेव्हा पटतंच. पण एक सांगू? ते खोटं बोलले असतील तर मला जास्त आवडेल. एवढं पाणचक्कीसकट रचून सांगायचं, तेही माझ्यासारख्या कलम बांधणाऱ्या बाईला, आणि कधी पकडलं जायचं नाही! बाईसाठी इतकी उठाठेव कोण करतं?

साहेब काल घरी आले होते. टोपी हातात घेऊन बसले. “बाई, एक झाड राहिलं तर कुणी विचारणार नाही. आम्ही डोळेझाक करू.” भला माणूस आहे. ‘करा’ अगदी ओठावर आलं होतं, म्हणून मी आत जाऊन चहा ठेवला. मग म्हटलं, “साहेब, जोडीला दोन मोठ्या हिरव्या आहेतच की बागेत, दोन्ही माझ्या लाजरीपेक्षा धडधाकट. रोपांच्या पिशव्यांत जर्दाळूची एक जात वाट बघत उभी आहे, जी खरंच कुठे नाही. तिला द्या जागा. आणि यादीवर सही माझ्या सुनेची आहे. तिथे डोळेझाक चालायची नाही.”

ते गेले आणि मी दार लावून घेतलं. मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. तुला सांगायचं नाही तर कुणाला?

तुझी सासू


१८ डिसेंबर

सूनबाई,

मंगळवारी तोडली. मी गेले होते. तू ‘जाऊ नका’ म्हणाली होतीस, पण मी तुझं कधी ऐकलं आहे? करवत यंत्राची होती, पटकन झालं. माळी माझ्याकडे न बघता काम करत होता. पाटी काढून त्याने माझ्या हातात दिली. घरी आणली आहे. कुठे ठेवायची ते सुचलेलं नाही, सध्या स्वयंपाकघरात ओट्यावर आहे.

त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले. विचारणारच होतीस म्हणून लिहिलं.

आज तुझी छापील यादी आली. नासपतीचं पान उघडलं. ‘मोठी हिरवी. बाराही खुणा जुळलेली झाडं’, मग क्रमांकच क्रमांक. आणि खाली बारीक अक्षरात, ‘या जातीची इतर नावं’. तिथे पाचसहा नावं आहेत. शेवटचं आहे लाजरी.

हे तू मला कळवलं नव्हतंस. चोरटी कुठली! साहेबांना विचारलं, ही काय भानगड? ते म्हणाले, रीतच आहे तशी. एखादी जात कुठे दुसऱ्या नावाने लावलेली सापडली की ते नावही तिच्या नोंदीत चढतं, आणि मग निघत नाही. म्हणजे आता जिथे जिथे मोठी हिरवी आहे तिथे तिथे ती लाजरीही आहे, असंच ना? मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

तशीच काठी घेऊन बाजारात गेले. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे नासपतींचा ढीग होता. मी म्हटलं, “लाजरी कशी दिली?”

“लाजरी? ती कुठली, आजी?”

“ही काय, समोर.”

“ही मोठी हिरवी आहे.”

“तेच. दुसरं नाव लाजरी. नोंद झाली आहे, छापून आलंय.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हातारीचं काही तरी सैल झालंय. “कोण म्हणतं?”

“माझी सून म्हणते. ती झाडांची जात ओळखते, पानावरून. मोठ्या प्रयोगशाळेत असते.”

“मुलगा पण तिथेच का?”

“नाही. मुलगा दुसरीकडे. दोघं वेगळी झाली, बरीच वर्षं झाली.”

फळवाला गोंधळला. पिशवी हातात तशीच. “मग ती तुमची सून कशी, आजी? सून म्हणजे मुलाची बायको ना?”

“होती,” मी म्हटलं. “आता नुसती सून आहे. माझी.”

त्याने नासपती तोलल्या. तोलून झाल्यावर आणखी दोन पिशवीत टाकल्या.

कच्च्या आहेत, दगडासारख्या. खिडकीजवळ कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. आठवड्याभरात पिकतील. मी एकटी खाणार नाही, तेव्हा त्याच्या आत ये.

तुझी सासू